बारावी लातूरला, गाव नगरला : एका इंजिनिअरिंग प्रवेशाचं प्रकरण

मी नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. दहावी झाली की मुलं आमच्या हातातून सुटतात, पण दोन वर्षांनी जून-जुलैत परत येतात. सोबत आई किंवा वडील आणि कागदांनी फुगलेली पिशवी. प्रवेशाचं मार्गदर्शन हे काही माझं काम नाही. पण गावात ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि जो सरकारी पीडीएफ शेवटपर्यंत वाचतो, त्याच्या गळ्यात ते आपोआप पडतं.

हे प्रकरण २०२४ चं. मुलीचं, गावाचं आणि कॉलेजांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. नियम मात्र त्या वर्षीचे आहेत. तेव्हा कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, तीन फेऱ्या होत्या आणि पहिल्याच पसंतीची जागा लागली तरच ती आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम, व्हायची. पुढच्या वर्षापासून फेऱ्या चार झाल्या आणि फ्रीझचे नियमही बदलले. त्यामुळे हे वाचून कुणी यंदाचा फॉर्म भरू नये.

पार्श्वभूमी

मुलगी माझ्याकडे दहावीपर्यंत होती. गणितात हुशार म्हणण्यापेक्षा चिकट म्हणावी अशी, उत्तर चुकलं तर पान उलटू द्यायची नाही. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, दोन गाई, दूध डेअरीला. वडील आठवी, आई सातवी. दहावीला ९१ टक्के पडले आणि 'लातूर पॅटर्न'च्या ओढीनं अकरावीला तिला लातूरला घातली. कॉलेज, क्लास, खोली, डबा. या दोन वर्षांत घरातली एक गाय आणि आईच्या पाटल्या गेल्या. हे वडलांनी मला बरंच नंतर सांगितलं, तेही बोलता बोलता.

२१ मे ला बारावीचा निकाल लागला, ७४ टक्के. १६ जूनला एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल आला, पर्सेंटाइल ९३ च्या थोडं वर. जेईईत काही जमलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्यातल्या जागा सीईटीच्या पर्सेंटाइलवर भरतात, बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात. त्यामुळे ७४ टक्क्यांचं दुःख करत बसण्यात अर्थ नव्हता, पण घरात आठवडाभर तेच चाललं होतं.

जात माळी, म्हणजे ओबीसी. यात एक गोष्ट नशिबानं आधीच झालेली होती. लातूरच्या कॉलेजनं अकरावीतच सगळ्यांना जात पडताळणीचे अर्ज भरायला लावले होते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरात 'हिंदू माळी' अशी नोंद सापडली, तिचा उतारा जोडला आणि बारावीच्या परीक्षेआधी वैधता प्रमाणपत्र हातात आलं. ज्यांच्याकडे ते नसतं त्यांचा जुलै कसा जातो हे मी दरवर्षी बघतो.

पिशवीतले कागद

निकालानंतरच्या रविवारी, २३ जूनला, बाप-लेक शाळेत आले. निळी प्लॅस्टिकची पिशवी, आत खताच्या दुकानाच्या कॅलेंडरात गुंडाळलेले कागद. मी ते बाकावर एकेक करून मांडायला लावतो. ही माझी सवय आहे आणि एवढ्या एका सवयीचं मला कौतुक आहे.

दहावी-बारावीची गुणपत्रकं, दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, आधार. सगळं होतं. शेवटी नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला.

"हा बी हाये," वडील म्हणाले आणि तो सगळ्यात वर ठेवला. दाखला नीट होता, शिक्का होता, फोटो होता. खालच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं : ३१ मार्च २०२४ पर्यंत वैध. आम्हाला हवा होता ३१ मार्च २०२५ पर्यंतचा. म्हणजे दाखला तीन महिन्यांपूर्वी मेला होता आणि घरच्यांच्या लेखी तो जिवंत होता.

ओबीसीची जागा धरायची तर वैधता आणि चालू नॉन-क्रीमीलेअर दोन्ही लागतात. यातलं एक नसेल तर मुलगी सरळ खुल्या वर्गात जाते. ९३ पर्सेंटाइलला त्या दोन रांगांमधलं अंतर मोठं होतं.

मी म्हणालो, उद्याच सेतूत जा. वडील हो म्हणाले. पण मृग बरा बरसला होता, वाफसा आला होता आणि उडदाची पेरणी खोळंबली होती. माणूस शेतात गेला. मीही पुन्हा फोन केला नाही. ते सेतू केंद्रावर गेले १ जुलैला.

आणि १ जुलैलाच 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले होते. सुरुवातीला त्यालाही उत्पन्नाचा दाखला मागत होते, त्यामुळे तहसीलच्या आवारात जत्रा होती. तलाठी जागेवर नाही, सर्व्हर चालत नाही, टोकन संपले. मुलीच्या दाखल्याच्या रांगेत वडील आणि योजनेच्या रांगेत आई, असे दोघं एकाच छताखाली दोन दिवस उभे होते. पेरणीचा एक आठवडा वाचवला आणि दाखल्याचे जवळजवळ तीन आठवडे गेले. पोर्टलवर अर्ज भरताना आम्ही नॉन-क्रीमीलेअरच्या अर्जाची पावती जोडली आणि दाखला मुदतीच्या अगदी कडेला चढवला. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण सकाळी उठल्यावर पहिला फोन सेतूवाल्यालाच जायचा.

बुकिंगचा प्रश्न

पहिला खरा निर्णय मात्र या आधीच घ्यावा लागला होता.

तालुक्याच्या गावी एका 'अॅडमिशन सल्लागारा'नं गाळा घेतला होता. काच, एसी, पुण्याच्या कॉलेजांचे फ्लेक्स. त्यानं वडलांना सांगितलं होतं की ९३ ला कॅपमध्ये कॉम्प्युटर मिळणार नाही, पण पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटरची जागा तो धरून देईल. बुकिंग २५ हजार, ३० जूनपर्यंत. वर्षाची फी दोन लाख चाळीस हजार, हॉस्टेल वेगळं. वडलांनी सोसायटीतून पैसे काढायची तयारी केली होती. "पोरीचं वर्ष वाया नको जायला, सर." त्यांचं म्हणणं एवढंच.

आमच्यासमोर तीन वाटा होत्या. बुकिंग करायचं आणि कॅपचा नाद सोडायचा. बुकिंग करून कॅपमध्येही उतरायचं, २५ हजार विम्याचा हप्ता समजायचे. किंवा बुकिंग न करता फक्त कॅपवर राहायचं.

अडचण अशी की मुलींच्या मोफत उच्च शिक्षणाची घोषणा उच्च शिक्षणमंत्र्यांनी फेब्रुवारीतच केली होती, पण जूनअखेरपर्यंत शासन निर्णय निघाला नव्हता. २८ जूनच्या अर्थसंकल्पात ती पुन्हा झाली. शुक्रवार होता. शनिवारी वडील माझ्याकडे. "घोषणेवर पोरीचं भवितव्य लावायचं का?" प्रश्न अगदी रास्त होता. घोषणा आणि जीआर यांच्या मधल्या खड्ड्यात किती लोक पडतात हे शिक्षकाला कुणी सांगायला नको.

म्हणून मी घोषणा बाजूला ठेवली. एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागे तीन रकाने आखले. पहिल्यात जीआर निघालाच नाही असं धरलं. तरी ओबीसीला कॅपमधून प्रवेश घेतल्यावर निम्मं शिक्षण शुल्क आधीपासून मिळतच होतं. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली, समजा लाखाच्या आसपास, तर घरातून पन्नास-साठ हजार. दुसऱ्यात जीआर निघाला असं धरलं, शिक्षण शुल्क शून्य. तिसऱ्यात सल्लागाराचं विद्यापीठ : दोन लाख चाळीस हजार, सवलत शून्य, चारही वर्षं. पहिला रकाना सगळ्यात वाईट धरला तरी तिसऱ्यापेक्षा स्वस्त होता.

राहिली भीती की कॅपमध्ये काहीच लागणार नाही. राज्यात दरवर्षी फेऱ्या संपल्यावरही इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहतात, नंतर संस्था पातळीवरची फेरी होते. जागा लागेल, फक्त ती हवी तशी असेल का, एवढाच प्रश्न होता.

वडलांना माझे रकाने पटले असं वाटलं नाही. पटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मी म्हणालो, पावती कुणाच्या नावाची मिळणार तेवढं विचारा. त्यांनी तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"काका, पावती आमच्या ऑफिसची मिळेल. नंतर फीमध्ये अॅडजस्ट होते."

"आन् नाय घेतलं अॅडमिशन तर?"

"काका, तसं कुणी करत नाही."

विद्यापीठ अनुदान आयोगाचा शुल्क परताव्याचा नियम आहे, पण तो संस्थेनं घेतलेल्या शुल्काला. गाळ्यातल्या पावतीला तो कुठून लागणार? वडलांनी फोन ठेवला आणि सोसायटीचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

८ जुलैला जीआर आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत, प्रवेश कॅपमधून झालेला असला तर. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली. सल्लागाराचं विद्यापीठ या दुसऱ्या प्रकारातलं होतं.

होम युनिव्हर्सिटी : माझी चूक

आता माझ्या चुकीकडे येतो. ती लहान नव्हती.

जीआरची वाट बघत असताना मी मागच्या वर्षीचे कटऑफ घेऊन बसलो होतो आणि ३४ पर्यायांची यादी केली होती. वर दोन-चार स्वप्नातले, मधे शक्यतेतले, खाली 'हे तर लागणारच' असे डझनभर. खालचे बहुतेक पुणे आणि नगर भागातले, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे. नगर जिल्हा त्या विद्यापीठाच्या हद्दीत येतो, मुलगी नगरची, म्हणून मी सरसकट 'एच'चा, म्हणजे होम युनिव्हर्सिटीचा कटऑफ बघत गेलो. कटऑफच्या तक्त्यात एलओबीसीएच असा रकाना असतो : एल म्हणजे मुलींसाठी राखीव ३० टक्क्यांतली जागा, मधे प्रवर्ग आणि शेवटचं अक्षर जागा कुठल्या हद्दीची ते सांगतं.

पोर्टलवर फॉर्म भरून झाल्यावर मुलगी प्रिंट वाचत होती. मी दुसऱ्या एका मुलाच्या दाखल्यात डोकं घातलं होतं.

"सर, इथं होम युनिव्हर्सिटी स्वामी रामानंद तीर्थ आलंय. नांदेडचं."

"चुकलं असेल. बदलू."

"बदलता येत नाहीये. ते आपोआप येतंय."

मग मी माहितीपुस्तिका उघडली. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्या उमेदवाराची होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून केली त्या जागेवरून ठरते. गाव कुठलं, रेशनकार्ड कुठलं, याचा संबंध नाही. लातूर नांदेडच्या विद्यापीठाच्या हद्दीत. म्हणजे पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत आमची मुलगी 'बाहेरची'. तिथल्या ७० टक्के जागा होमच्या मुलांना आणि उरलेल्या ३० टक्क्यांसाठी बाकीचा सगळा महाराष्ट्र. मी पाहायला हवा होता तो रकाना एलओबीसीओ, आणि मी पाहिलेल्या बहुतेक कॉलेजांत तो चढा होता. 'हे तर लागणारच' म्हणून ठेवलेल्या बारापैकी सात-आठ लागण्यातले उरलेच नव्हते.

वीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय की गणित सोडवण्याआधी दिलेलं नीट वाचा. असो.

तीन संध्याकाळी बसून यादी पुन्हा केली. शासकीय स्वायत्त कॉलेजांचे जे तक्ते आम्ही काढले त्यांत जागा राज्यस्तरावर भरलेल्या होत्या, 'एस'च्या रकान्यात, तिथे होम-बाहेर हा भेदच नव्हता. त्यामुळे आधी ज्यांच्याकडे मी 'लांब आहे' म्हणून फारसं पाहिलं नव्हतं, ती मराठवाडा-विदर्भातली शासकीय कॉलेजं अचानक यादीत वर आली. चूक सापडली नसती तर ती यादीत आलीच नसती, हेही खरं.

पसंतीक्रम

कॅपमध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. आम्ही ४६ भरले. गावात यावरून दोन समज पक्के आहेत. एक म्हणजे न मिळणारे पर्याय वर टाकले तर 'नंबर फुकट जातो'. नेट कॅफेवाला हे छातीठोकपणे सांगतो आणि मुलांच्या याद्या कटऑफप्रमाणे लावून देतो. प्रत्यक्षात संगणक गुणवत्ता यादीतून एकेक विद्यार्थी घेतो, त्याची यादी वरून खाली तपासतो आणि जी पहिली जागा देता येते ती देतो. वरचे दहा नाही मिळाले तर अकराव्यावर येतो, दंड काही बसत नाही. म्हणून यादी कटऑफनं लावू नये, आपल्याला काय जास्त हवं आहे त्या क्रमानं लावावी. हे वाक्य मी दर जुलैत किमान चाळीस वेळा म्हणतो आणि कॅफेवाला एकदाच बोलून ते पुसून टाकतो.

दुसरा समज याच्या उलटा आणि जास्त धोक्याचा : 'एक तरी पक्कं असावं' म्हणून जवळचं, सोपं कॉलेज पहिल्या नंबरला टाकणं. वडलांची इच्छा तीच होती. तालुक्यापासून तासाभरावर एक खासगी कॉलेज आहे, पोरगी एसटीनं जाऊन-येऊन करेल. पण पहिली पसंती लागली की ती फ्रीझ, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. मी ते कॉलेज एकतिसाव्या नंबरवर नेलं. वडील गप्प बसले. त्यांना ते आवडलं नव्हतं हे कळत होतं.

मग शाखा. वडलांना कॉम्प्युटर. का, असं विचारलं तर उत्तर एकच, भावकीतला एक मुलगा हिंजवडीला आहे. मुलीला विचारलं तर तिनं सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाली, एप्रिलात विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा ती वडलांबरोबर रिवाइंडिंगवाल्याकडे गेली होती. त्यानं जळालेली तार उलगडून वेटोळी मोजली, वहीत लिहिली, नवीन तार तितकीच भरली. तिनं विचारलं, तितकीच का? तो म्हणाला, जेवढी होती तेवढीच भरायची असते. "त्याला का ते माहीत नव्हतं, सर. मला थोडं माहीत होतं, पण पूर्ण नाही." एवढं बोलून ती थांबली.

यादी शेवटी अशी झाली. पहिले तीन : शासकीय कॉलेजांतलं कॉम्प्युटर, लागण्याची आशा जवळजवळ नाही. चार ते आठ : शासकीयमधलं इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स. नऊपासून पुण्यातल्या खासगी कॉलेजांचं कॉम्प्युटर आणि आयटी, आणि मग उतरत. शासकीय इलेक्ट्रिकल खासगी कॉम्प्युटरच्या वर ठेवायचं हा निर्णय मुलीचा. वडलांनी त्याला हरकत घेतली नाही. माझ्या मते त्यांना त्याचा परिणाम कळलाच नव्हता, आणि मी समजावून सांगायला वेळ दिला नाही.

पहिली फेरी, दुसरी फेरी

पहिल्या फेरीत तेरावा पर्याय लागला. पुणे, खासगी कॉलेज, कॉम्प्युटर.

घरात पेढे वाटले गेले. वडलांच्या दृष्टीनं काम झालं होतं : कॉम्प्युटर, पुणे, शिक्षण शुल्क माफ. फ्रीझ करायचं आणि बॅग भरायची. मुलीला बेटरमेंटला जायचं होतं, म्हणजे ही जागा धरून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघायची होती. हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क दोन्हीकडे सारखंच. फरक असा की बेटरमेंट घेतल्यावर दुसऱ्या फेरीत वरचं काही लागलं तर हातातली जागा आपोआप रद्द होते. दोन्ही ठेवून निवडता येत नाही. म्हणजे शासकीय इलेक्ट्रिकल लागलं तर पुण्याचं कॉम्प्युटर गेलं.

"हातातलं सोडून पळत्याच्या मागं?" वडील मला म्हणाले. मुलीला नाही, मला.

आम्ही मधला एक मार्गही तपासला. दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरताना इलेक्ट्रिकल काढून टाकायचं आणि फक्त तेराच्या वरचे कॉम्प्युटरचे पर्याय ठेवायचे. मग बिघडलं तरी पुणे हातात राहतं. वडलांना हे मान्य होतं. मुलगी म्हणाली, मग बेटरमेंट घ्यायचीच कशाला, ते तर लागणार नाहीत.

माझं मत विचारलं तेव्हा मी शाखेबद्दल बोललो नाही, खर्चाबद्दल बोललो. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची होती. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस यांची नाही. पुण्यात मुलींच्या खासगी हॉस्टेलची चौकशी मुलीनंच फोनवर केली होती, वहीत तीन आकडे लिहिले होते, सगळ्यात स्वस्त वर्षाला ऐंशी हजारांच्या वर, मेस धरून. शासकीय कॉलेजच्या वसतिगृहाचा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नव्हता. ती वही तिनं वडलांसमोर ठेवली. "पप्पा, कॉम्प्युटर नको असं माझं म्हणणं नाही. लातूरला जे झालं ते परत चार वर्षं नको."

वडलांनी वही बराच वेळ धरली. वाचत होते की नाही कोण जाणे. मग म्हणाले, "कर तुला काय करायचं ते." परवानगी होती की राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या फेरीत पाचवा पर्याय लागला. मराठवाड्यातलं शासकीय कॉलेज, इलेक्ट्रिकल. पुण्याची जागा रद्द झाल्याचं स्क्रीनवर आलं. तिनं फ्रीझ केलं.

निष्पत्ती

कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी वडलांचा फोन आला. फी माफ आहे म्हणून त्यांनी जवळ दोन हजार ठेवले होते. इतर शुल्कं, अनामत वगैरे मिळून बारा हजारांच्या आसपास लागणार होते. 'मोफत' हा शब्द मीच किती वेळा आणि किती सैल वापरला होता ते तेव्हा लक्षात आलं. डेअरीच्या पगारातून उचल घेऊन ते भागलं.

वसतिगृहाची यादी उशिरा लागली, सव्वा महिना ती दोन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहिली. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज अडकला, कारण तिचं लातूरच्या बँकेतलं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. त्यासाठी एक दिवस कॉलेज बुडवून लातूर. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यानं असल्या फेऱ्या परवडतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला. गणित. तिनं मला स्वतः फोन करून सांगितलं, बहुधा दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. पुढच्या परीक्षेत निघाला. वडील दिवाळीपर्यंत माझ्याशी तुटक होते, नंतर सैलावले. पुण्याचं कॉम्प्युटर घेतलं असतं तर काय झालं असतं, हे ते अधूनमधून विचारतात. माझ्याकडे उत्तर नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नॉन-क्रीमीलेअरची तारीख बघायला २३ जून ही वेळ नव्हती. तो दाखला ३१ मार्चला मरतो, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सेतू रिकामं असताना, नवीन करून घ्यायला हवा. आता दहावीच्या निरोप समारंभात मी पालकांना दाखल्याची शेवटची ओळ वाचून दाखवतो. भाषणापेक्षा तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

होम युनिव्हर्सिटीचं मी सीईटीच्या निकालाआधीच, फॉर्मची वाट न बघता, पाहायला हवं होतं. खरं तर ते अकरावीच्या प्रवेशावेळीच बघायचं. लातूरला, संभाजीनगरला, कोटाच्या धर्तीवरच्या कुठल्याही क्लासच्या गावी मूल पाठवताना कुणी पालकांना सांगत नाही की इथे बारावी केली की तुमचं होम बदलतं. ते वाईटच असतं असं नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शुल्कमाफीच्या जादा जागांचे कोड आम्ही भरलेच नाहीत. मी म्हटलं, मुलींना माफी आहेच, कशाला. ते वेगळे पर्याय म्हणून भरावे लागतात आणि त्यांची रांग वेगळी असते. खासगी कॉलेजांच्या यादीत ते टाकायला हरकत नव्हती, पैसे लागत नव्हते. नुसता आळस.

सगळ्यात जास्त खटकतं ते वडलांचं. यादी भरताना पाचव्या आणि तेराव्या नंबरचा अर्थ मी त्यांना तेव्हाच सांगितला असता, तर भांडण फेऱ्यांआधी झालं असतं, पेढे वाटल्यानंतर झालं नसतं. मुलगी अठराची, निर्णय तिचा, हे मला मान्य आहे. पण गाय आणि पाटल्या ज्यांच्या गेल्या त्यांना यादी पहिल्या फेरीनंतर समजावी हे काही बरोबर नव्हतं.

या फेब्रुवारीत वडील शाळेत आले. धाकटा दहावीला आहे. हातात तीच निळी पिशवी. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "सर, याला अकरावीला कुठं घालायचं ते नंतर बघू. पहिलं सांगा, कुठं बारावी केली की होम कुठलं पडतं?"